दहावर धरलंय

काटकोनबाई हे नाव तिला नवऱ्याने ठेवलं आणि पुढे लाकडाच्या वखारीपासून खिळ्यांच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. बाईचं लक्षणही तसंच होतं. समोरचा माणूस बोलत असायचा आणि हिची नजर त्याच्या मागच्या कोपऱ्यावर. एकदा नात्यातल्या एका आजारी माणसाला बघायला गेली आणि परत येताना त्याच्या तब्येतीबद्दल चकार शब्द न काढता म्हणाली, त्यांचं कपाट भिंतीपासून बोटभर फाकलंय. नवरा रस्ताभर हसत होता.

दोघंही सुतार. ती वडिलांच्या हाताखाली शिकलेली, तो कुणा लांबच्या मामाच्या. बावीस वर्षं दोघांनी मिळून जिने केले, माळे केले, दारं-खिडक्या केल्या. कामाची वाटणी ठरलेली होती. माप घेताना टेपचं टोक तो धरायचा, आकडा ती वाचायची आणि वहीत लिहायची. करवत त्याची, रंधा तिचा. टेप दोघांच्या लग्नाइतकाच जुना. त्याच्या टोकाची पत्र्याची आकडी कधीच खिळखिळी झाली होती आणि सुरुवातीचे दोन-तीन आकडे घासून पुसून गेले होते. म्हणून तो टोकाला हातच लावायचा नाही. दहाच्या रेघेवर अंगठा दाबायचा, टेपला दोन हलके हिसके द्यायचा आणि ओरडायचा, "दहावर धरलंय." ती समोर दिसेल त्या आकड्यातून दहा वजा करून लिहायची. इतक्या वर्षांत ती वजाबाकी हातातच बसली होती, डोक्यापर्यंत जायचीच नाही.

जिन्याच्या कामात आणखी एक शिस्त होती. उंची मोजायची, जमिनीवरची लांबी मोजायची आणि वरपासून खालपर्यंत तिरप्या फळीला लागणारी लांबीही मोजायची. खरं तर पहिल्या दोन मापांवरून तिसरं कागदावर काढता येतं. पण नवऱ्याचं म्हणणं, तिसरं माप हा साक्षीदार आहे, त्याला बोलवायलाच हवं. उंचीचा वर्ग, लांबीचा वर्ग, दोघांची बेरीज. ती तिरप्या मापाच्या वर्गाशी जुळली तर कोपरा काटकोनात आहे आणि मापंही खरी. नाही जुळली तर भिंत खोटी, नाहीतर आपण. गुणाकार तो मोठ्याने बोलायचा, ती लिहायची, आणि गणित जुळेपर्यंत करवत पिशवीतून निघायची नाही.

ही शिस्त एकदाच मोडली, कारण त्या दिवशी दोघांचा अबोला होता.

अबोल्याचं कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं फुटकळ. आदल्या दिवशी ज्या घरी जिन्याचं काम घेतलं होतं, तिथे उंची आणि लांबी मोजून झाली आणि घरमालकाने विचारलं, टेप असा दहापासून का धरता? ती म्हणाली, "टेपचं आणि ह्यांचं सारखंच आहे. दोघांचाही दिवस दहानंतर सुरू होतो." घरमालक हसला, त्याची बायको हसली, दारात उभी असलेली त्याची आईसुद्धा हसली. नवरा तेवढा हसला नाही. उशिरा उठण्यावरून घरात त्याला कितीही बोललेलं चालायचं, चारचौघांत नाही. घरी येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही आणि मग तीही हट्टाला पेटली. आधी कोण बोलतंय ते बघू, म्हणाली मनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरपं माप घ्यायचं राहिलं होतं. तो वर तुळईपाशी गेला, टोक धरलं, दोन हिसके दिले. तोंडाने काही नाही. तिनेही विचारलं नाही. आकडा वाचला, लिहिला, वही त्याच्यासमोर सरकवली. गणित झालं नाही, कारण गणितासाठी कोणीतरी बोलायला हवं होतं. दुपारी फळ्या कापून उभ्या केल्या तर वरचं टोक तुळईला जेमतेम टेकत होतं. त्याने एकदा वर पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, काहीच न बोलता वर चढला. फळी सटकली. खाली दगडी फरशी होती.

फळी दहा सेंटिमीटर आखूड होती. लोक हळहळले. एवढा मुरलेला सुतार, पण कापताना हात चुकला, असं जो तो म्हणाला. घरी नणंद होती, त्याची धाकटी बहीण. तीसुद्धा रडता रडता म्हणाली, "दादाचं हल्ली लक्षच नसायचं." काटकोनबाईने कोणालाच दुरुस्त केलं नाही. पण तिला पक्कं ठाऊक होतं की चूक दोनच ठिकाणी असू शकते. वहीतलं माप गणितात जुळलं तर कापणारा चुकला. नाही जुळलं तर लिहिणारी. एका गुणाकाराचं काम होतं. वही आणि टेप एका पत्र्याच्या डब्यात घालून तिने नणंदेच्या कपाटात ठेवायला दिले आणि दीड वर्ष तो गुणाकार केला नाही. आठवत नाही मला आकडा, असं ती स्वतःला सांगायची. तीन मापं एकदा लिहिली की महिनोन्महिने न विसरणारी बाई ती.

जिन्याची कामं तिने सोडली. दारं, फळ्या, कपाटं यांवर भागत होतं. नवा टेप आणला आणि एकटीने मापं घ्यायची सवय केली. खिळा ठोकायचा, टेपची आकडी त्यात अडकवायची, दुसरीकडे जाऊन वाचायचं. खिळा बोलत नाही आणि रुसतही नाही.

पुस्तकं बांधणारा एक बाइंडर तिच्या मागे लागला तेव्हा तिने दोनदा नाही म्हटलं. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुठ्ठे, खळीचा वास आणि कागद कापायचं अवजड यंत्र. वर माळा होता आणि तिथे चढायला एक डुगडुगणारी शिडी. गुडघे बोलायला लागले, आता जिना हवा, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या वेळी तो नुकतंच बांधलेलं एक जाड पुस्तक घेऊन तिच्या दारात आला आणि म्हणाला, बाई, या चार कोपऱ्यांत एक चूक काढून दाखवा, मग मी परत येणार नाही. तिने खिशातून काटकोन तपासायचा छोटा गुण्या काढला, चारही कोपऱ्यांना लावून बघितला. चूक सापडली नाही. बाई हरली आणि जिन्याला हो म्हणाली.

पहिल्या दिवशी बाइंडर कागद आणायला बाहेर गेला होता. तिने माळ्याच्या कडेला खिळा ठोकला, आकडी अडकवली, टेप खाली आणला. ताणला तसे टेपला वरून दोन हलके हिसके बसले.

नव्या टेपची स्प्रिंग कडक असते, असं तिने ठरवून टाकलं. उंची दोनशे ऐंशी. जमिनीवर तीनशे सत्तर. तिरपं चारशे साठ. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गणित मांडलं. पहिल्याचा वर्ग अठ्ठ्याहत्तर हजार चारशे, दुसऱ्याचा एक लाख छत्तीस हजार नऊशे, बेरीज दोन लाख पंधरा हजार तीनशे. चारशे साठचा वर्ग मात्र दोन लाख अकरा हजार सहाशे. साक्षीदार फिरला होता. तिरपं माप चारशे चौसष्टच्या आसपास यायला हवं होतं.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. बाइंडर आल्यावर तिने त्याला सांगितलं की तुमची भिंत झुकलेली आहे. भिंतीवरून माणूस एवढा दुखावतो हे तिला माहीत नव्हतं. तीस वर्षं याच भिंतीला धरून माझं यंत्र उभं आहे, म्हणाला, कागदात केसाचा फरक पडला नाही. तिच्या पिशवीतला ओळंबा काढून त्याने स्वतःच वरून सोडला. दोरी भिंतीला वरपासून खालपर्यंत समांतर राहिली. पाणसळ लावून बघितली तर जमीनही सरळ.

मग तो म्हणाला, आणा इकडे, मी धरतो. शिडीवर चढून त्याने आकडी माळ्याच्या कडेला लावून धरली. उंची दोनशे सत्तर आली. लांबी तीनशे साठ. तिरपं चारशे पन्नास. तिने गणित केलं. बाहत्तर हजार नऊशे आणि एक लाख एकोणतीस हजार सहाशे, बेरीज दोन लाख अडीच हजार, आणि चारशे पन्नासचा वर्गही नेमका तेवढाच.

"बघा," बाइंडर म्हणाला, "तुमच्या खिळ्यापेक्षा मी बरा."

तिला हसू आलं नाही. ती पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांकडे बघत होती. एकटीने घेतलेल्या तिन्ही मापांत दहा-दहा जास्त होते. माणूस आळसाने चुकला तर एका मापात चुकेल, दोन मापांत चुकेल. तिन्ही मापांत बरोबर दहा म्हणजे कोणीतरी दहावर धरलं होतं.

तिने टेपचं टोक उजेडात नेलं. दहाच्या रेघेवर काळा ठसा होता. अंगठ्याचा. नवऱ्याला पेन्सिलीला टोक करताना शिसं अंगठ्यावर टेकवायची खोड होती आणि तो अंगठा जन्मभर काळाच राहिला. काटकोनबाईने रुमालाने ठसा पुसला. बाइंडर चहा सांगायला गेला तेवढ्यात तिने आकडी पुन्हा खिळ्याला लावली आणि टेप ताणला. दोन हिसके. चारशे साठ. टेप गुंडाळून बघितला तर ठसा परत आलेला.

खरं सांगायचं तर आधी तिला आनंद झाला. आपल्यासाठी अजून कोणीतरी दुसरं टोक धरतंय, याचा साधा, लहान मुलीसारखा आनंद. मग ती हिशेब करू लागली. दीड वर्षात तिने चाळीस दारं केली होती, एकातही माप फिरलं नव्हतं. तो जिन्यालाच आला होता. एका जिन्याचं गणित करायचं राहिलं होतं आणि त्याला ते करून हवं होतं.

त्या दुपारी ती घरी लवकर आली. नणंद खिडकीपाशी शर्टांना बटणं लावत बसली होती, एका कारखान्याचं काम ती घरी करायची. काटकोनबाईने डबा मागितला. नणंदेने सुई शर्टात टोचून ठेवली. किल्ली काढली, कपाट उघडलं, डबा टेबलावर ठेवला आणि पुन्हा सुई हातात घेतली.

वहीचं शेवटचं लिहिलेलं पान सापडायला वेळ लागला नाही. दोनशे चाळीस. तीनशे वीस. तीनशे नव्वद. तिच्याच अक्षरात, तिच्याच नीटस आकड्यांत, शेवटच्या शून्याला नेहमीसारखी शेपटी काढलेली.

तिने पेन्सिल घेतली. सत्तावन्न हजार सहाशे. एक लाख दोन हजार चारशे. बेरीज एक लाख साठ हजार, म्हणजे चारशेचा वर्ग. तीनशे नव्वदचा वर्ग एक लाख बावन्न हजार शंभर. शाळेतल्या पोराला पाच मिनिटांत जमलं असतं. कोपरा काटकोनात होता, उंची खरी होती, लांबी खरी होती. खोटं होतं ते तिसरं माप आणि ते तिने लिहिलं होतं. त्याने लिहिल्याबरहुकूम कापलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "त्यांचा हात चुकला नव्हता. माप मी चुकीचं लिहिलं."

नणंदेची सुई थांबली.

काटकोनबाईने वही तिच्याकडे फिरवली आणि सगळं सांगितलं. टेपवर चारशे दिसलं होतं. आत्ता, या क्षणी, तिला तो आकडा लख्ख आठवत होता, तांबड्या अक्षरातला. त्यातून तिने नेहमीप्रमाणे दहा वजा केले. "पण दहा वजा करून चारशेच यायला हवे होते," ती म्हणाली. "म्हणजे त्यांनी दहावर धरलंच नव्हतं. टोकावर धरलं होतं. का? ती आकडी तर हलत होती. बावीस वर्षांत कधी टोकावर धरलं नाही त्यांनी."

नणंद उठली. डब्यातून जुना टेप काढून तिने टोक बाहेर ओढलं आणि वहिनीसमोर धरलं. टोकाला नवी आकडी होती. पत्रा जाड, कडा कानशीने घासलेल्या, दोन रिबिटी घट्ट बसवलेल्या. पुसलेले पहिले तीन आकडे बारीक कोरून त्यांत शाई भरलेली.

"आदल्या संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून करत होता," नणंद म्हणाली. "मी विचारलं, आजच काय सुचलं? तर म्हणे, उद्यापासून शून्यावर. सकाळी तुझ्या ताटाशेजारी ठेवला होता त्याने टेप, टोक बाहेर काढून. तुला दिसावा म्हणून. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस, वहिनी."

काटकोनबाईला ते सकाळचं टेबल आठवलं. ताटाशेजारी काहीतरी होतं. तिने हाताच्या कोपराने ते बाजूला सारलं होतं.

"दीड वर्ष मी त्याला बोल लावत होते," नणंद म्हणाली. "आणि तू ऐकून घेत होतीस."

मग ती स्वयंपाकघरात गेली. जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही, बटणांचा ढीग संपवला आणि आत गेली. काटकोनबाईने ताटं उचलली. तिला रडू आलं ते भांडी घासताना, आणि तेही ओकारी यावी तसं, एकदम आणि आवाज करत. आतून कोणी आलं नाही. सकाळी ती निघाली तेव्हा जुना टेप तिच्या पिशवीवर ठेवलेला होता. टोक बाहेर काढून.

या वेळी तिने तो बघितला.

दुकानात बाइंडर यंत्रावर काम करत होता. अर्धा तास मला एकटीला द्या, असं तिने सांगितलं तेव्हा त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नेहमीचा विनोद गिळून तो बाहेर गेला. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत होतं. भुतांनी यायची वेळ ही नव्हे, पण तिचा नवरा दहानंतरच कामाला लागायचा.

तिने खिळा उपटून काढला. जुन्या टेपचं टोक हातात घेऊन शिडी चढली, ते माळ्याच्या कडेवर नुसतं ठेवलं, कशालाही न अडकवता, आणि टेप सोडत खाली आली. जिथे जिन्याचा पाय यायचा होता तिथे गुडघ्यांवर बसली. टेप हळूच ताणला.

टोक सुटायला हवं होतं. सुटलं नाही. दोन हिसके बसले.

चारशे साठ.

तिने वर बघितलं नाही. तेवढं धाडस तिच्यात नव्हतं. पण जे त्या दिवशी करायचं होतं ते तिने केलं.

"अहो," ती म्हणाली, "कितीवर धरलंय?"

माळ्यावर काही हललं नाही.

"मी विचारायला हवं होतं. तुमची आकडी मी बघितली नाही. चांगली बसवली आहे. मी चारचौघांत बोलले ते चुकलं, आणि माप मी चुकवलं, तुम्ही नाही. ताईला सांगितलंय. आता सांगा, दहा की शून्य?"

तिच्या अंगठ्याखालून टेप सरकला. सावकाश, एकेक रेघ करत, खालच्या बाजूला. चारशे एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न. चारशे पन्नासवर थांबला आणि तिथे घट्ट राहिला.

तिने वहीत चारशे पन्नास लिहिलं. वजा काही केलं नाही. खाली गणित मांडलं आणि ते मोठ्याने बोलत सोडवलं, दोनशे सत्तर गुणिले दोनशे सत्तर, तीनशे साठ गुणिले तीनशे साठ, त्याचा गुणाकार त्याच्या सुरात. मधूनमधून थांबली, तो पुढचं बोलेल म्हणून. तो बोलला नाही. हट्टी माणूस, मेल्यावरसुद्धा आधी बोलायला तयार नाही. बेरीज जुळली.

"जुळलं," ती वर बघून म्हणाली.

तेव्हा टोक सुटलं. टेप सळसळत खाली आला आणि नवी आकडी तिच्या बोटाला लागली. रक्ताचा एक थेंब आला. तिने टेप पुन्हा वर नेऊन ठेवला, खाली येऊन ताणला. टोक लगेच घसरून पडलं. तीनदा ठेवलं, तीनदा पडलं. चौथ्या वेळी तिने दहाच्या रेघेवर ठसा शोधला. रेघ स्वच्छ होती. गणित करून दिलं की तो जाईल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आलं असतं तर तिने आणखी थोडे दिवस चुकीचं गणित चालवून घेतलं असतं.

बाइंडर परत आला तेव्हा ती जमिनीवर बसून बोट चोखत होती. जमलं का, असं त्याने दारातूनच विचारलं. जमलं, ती म्हणाली. मग जरा वेळाने उठली आणि टेपचं टोक त्याच्या हातात दिलं.

"फळ्या कापायच्या आधी एकदा तुम्ही धरा. आणि धरलं की तोंडाने सांगायचं, कितीवर धरलंय ते. दर वेळी. माझा राग आला असला तरी सांगायचं."

"तुमचा राग कशाला येईल मला?" बाइंडर शिडी चढत म्हणाला.

"येईल कधीतरी. तरी सांगायचं."

त्याने आकडी कडेला लावली. अंगठा दाबला. ती खाली वही उघडून थांबून राहिली, आणि वरून आवाज येईपर्यंत तिने टेपवरचा आकडा वाचला नाही.